ऑइल फिल्टर कापून बघा, मगच विकायला ठेवा!



आमच्या असोद्यात भरताचं वांगं घेताना लोक ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघतात. तरी आतली कीड चिरल्यावरच दिसते. गाडीच्या ऑइल फिल्टरचंही तसंच आहे. बाहेरून चकचकीत डबा आणि झकास खोका दिसतो, आत काय आहे कोण बघतो?

मीही बघत नव्हतो. दुकान नवीन होतं तेव्हा एकाने स्वस्तात माल दिला. एका फिल्टरमागे तीस रुपये जास्त सुटत होते, मी खूश. महिनाभरात केळीची पिकअप चालवणारा एक नेहमीचा कस्टमर आला. म्हणाला, "भाऊ, सकाळी गाडी चालू केली का इंजिन टकटक करतं. फिल्टर बदलल्यापासूनच." त्या दिवशी मी पहिल्यांदा फिल्टर कापला. एक त्याचा, एक कंपनीचा.

कापायचा कसा?

हॅक्सॉने कापू नका. लोखंडाचा कीस आत पडतो आणि तो इंजिनमधला की आपल्या करवतीचा, हे कळत नाही. पाइप कटरसारखा चाक असलेला फिल्टर कटर मिळतो, तो वापरा. वापरलेला फिल्टर आधी उलटा ठेवून ऑइल पूर्ण निथळू द्या. हातमोजे घाला, कापलेला पत्रा ब्लेडसारखा लागतो.

आत काय सापडतं?

ऑइल कडेच्या छोट्या छिद्रांतून आत येतं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या आट्यांच्या छिद्रातून इंजिनकडे जातं. त्या वाटेवर हे भाग बघा:

1. रबरी झडप. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून ही असते. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ती फार महत्त्वाची. ती कडक असेल किंवा नीट बसत नसेल तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पहिले काही सेकंद इंजिन ऑइलशिवाय फिरतं. पिकअपची टकटक इथूनच येत होती.

2. घड्यांचा कागद. घड्या मोजा. समजा घड्या 50, खोली दीड सें.मी., उंची 5 सें.मी. प्रत्येक घडीला दोन बाजू, म्हणजे 50 × 2 × 1.5 × 5 = 750 चौ. सें.मी. त्याच मापाच्या डब्यात घड्या 35 असतील तर 525. कागद कमी म्हणजे तो लवकर भरणार. त्या स्वस्त फिल्टरमध्ये घड्या तर कमी होत्याच, पण कागदाची दोन टोकं जिथे जोडतात तिथला गोंदही सुटला होता. मग ऑइल न गाळताच पुढे जाणार ना!

3. बायपास झडप. कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं तर ही स्प्रिंगवाली झडप उघडते. न गाळलेलं का होईना, इंजिनला ऑइल मिळतं. काही गाड्यांत ती इंजिनमध्येच असते, त्यामुळे फिल्टरमध्ये दिसली नाही तर लगेच 'डुप्लिकेट' म्हणू नका.

4. वरखालची झाकणं. पुठ्ठ्यासारखी दिसली म्हणजे माल वाईट, असं नाही. चांगल्या कंपन्याही तशी वापरतात. कागद चारी बाजूंनी चिकटलाय का, ते बघा.

वापरलेल्या फिल्टरच्या घड्या पसरून चुंबक फिरवा. चिकटेल तो कण लोखंडाचा. न चिकटणारी सोनेरी-चंदेरी चमक जास्त असेल तर बेअरिंग झिजत असण्याची शक्यता आहे, मेकॅनिकला दाखवा. पण वॉरंटीचा वाद चालू असेल तर तो फिल्टर कापू नका, पुरावा जाईल.

यात धंदा कुठे आला?

मी त्या कस्टमरचे पैसे परत दिले, नवा फिल्टर दिला आणि उरलेला माल विक्रीतून काढला. तीस रुपयांच्या नादात रोजचं गिऱ्हाईक जाणार होतं. तेव्हापासून माझे नियम:

- नवीन सप्लायरचा एक नग कापल्याशिवाय ऑर्डर नाही. तो खर्च खरेदीतच धरायचा.
- पक्कं जीएसटी बिल आणि बॅच नंबर लिहून ठेवायचा.
- कापलेले दोन्ही फिल्टर काउंटरवर. कस्टमरला भाषण द्यावं लागत नाही, तो स्वतःच बघतो.

एक मर्यादाही सांगतो. कापून बांधणी कळते, पण कागद किती बारीक कण अडवतो ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आयएसओ 4548 सारख्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या असतात. म्हणून "हा शंभर टक्के बेस्ट" असं कस्टमरला सांगू नका. जे बघितलं तेवढंच सांगा.

आणि हो, निथळलेलं ऑइल नाल्यात किंवा शेतात ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. कॅनमध्ये साठवा आणि अधिकृत रिसायकलरलाच द्या.

तुमचं दुकान फिल्टरचं नसेलही. मसाला असो, चप्पल असो, एलईडी बल्ब असो, या आठवड्यात तुमचा सगळ्यात जास्त खपणारा एक नग उघडा, कापा, आत बघा. काय सापडलं ते व्हिडिओखाली नक्की लिहा.