विषयपत्रिका नामंजूर : आशियाई फुटबॉल महासंघाची महासभा आणि गोव्यातील अधिवेशन (२०१६)

प्रस्तावना

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा असल्याने ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ म्हणजे काय हे येथील वाचकास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होतो आणि पुढील विषय पुकारला जातो. अहवालावर आक्षेप घेणारे सभासद क्वचित का होईना आढळतात. परंतु संपूर्ण विषयपत्रिकाच नामंजूर करून सभा उठली, असे उदाहरण विरळाच. आशिया खंडाच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या सर्वोच्च सभेत नेमके हेच घडले आणि तेही आपल्या शेजारच्या गोव्यात. प्रस्तुत लेखात आशियाई फुटबॉल महासंघाच्या महासभेची रचना व अधिकार स्पष्ट करून, २७ सप्टेंबर २०१६ रोजीच्या त्या सभेच्या आधारे या अधिकारांचे प्रत्यक्ष स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. क्रीडा प्रशासन हा विषय आपल्याकडे सहसा वृत्तपत्राच्या शेवटच्या पानापुरता मर्यादित राहतो. वस्तुतः तो राज्यशास्त्र आणि सहकार या दोहोंच्या अभ्यासकांचाही विषय आहे.

महासभेची रचना

आशियाई फुटबॉल महासंघाची स्थापना ८ मे १९५४ रोजी मनिला येथे झाली. संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश होता. १९५१ च्या दिल्ली येथील पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविलेले असल्याने त्या काळी हे स्थान स्वाभाविकच होते. महासंघाचे मुख्यालय क्वालालंपूर येथे असून सदस्य संघटनांची संख्या ४७ आहे. त्यांची विभागणी पाच विभागांत केलेली आहे : पश्चिम आशियात १२, मध्य आशियात ६, दक्षिण आशियात ७, आग्नेय आशियात १२ व पूर्व आशियात १० संघटना. आग्नेय विभागात ऑस्ट्रेलियाही मोडतो. भौगोलिक दृष्ट्या आशियाबाहेरचा हा देश २००६ मध्ये महासंघात आला. उत्तर मारियाना बेटांची संघटना २०२० मध्ये पूर्ण सदस्य झाली. ती फिफाची, म्हणजेच जागतिक फुटबॉल महासंघाची, सदस्य नाही, तथापि आशियाच्या महासभेत तिला मत आहे.

महासभा ही महासंघाची सर्वोच्च व विधायी संस्था होय. घटनेत दुरुस्ती करणे, अहवाल व हिशेब मंजूर करणे, सदस्यास प्रवेश देणे वा निलंबित करणे, अध्यक्ष व कार्यकारिणी निवडणे आणि फिफाच्या परिषदेवर आशियाचे प्रतिनिधी पाठविणे, ही तिची प्रमुख कार्ये आहेत. दैनंदिन सत्ता कार्यकारिणीच्या हाती असते. मात्र कार्यकारिणीला अधिकार मिळतो तो महासभेकडूनच.

या रचनेचा पाया ‘एक सदस्य, एक मत’ हा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये सभासदाकडे कितीही भाग असले तरी त्याचे मत एकच असते. येथेही तोच न्याय आहे. सुमारे १४० कोटी लोकसंख्येच्या भारताचे मत एक, चीनचे एक, भूतानचे एक आणि मकावचेही एकच. क्रिकेटच्या जागतिक संघटनेत बारा पूर्ण सदस्यांचे जे वर्चस्व आहे, तसे फुटबॉलमध्ये नियमाने तरी शक्य नाही. परिणामी येथील राजकारण मोठ्या देशांभोवती न फिरता मतांच्या बेरजेभोवती फिरते. २००९ मध्ये फिफाच्या कार्यकारिणीवरील जागेसाठी तत्कालीन अध्यक्ष मोहम्मद बिन हम्माम यांनी बहरीनचे शेख सलमान बिन इब्राहिम अल खलिफा यांचा २३ विरुद्ध २१ असा पराभव केला. अशा लढतीत ग्वाम किंवा मालदीवचे मत जपानच्या मताइतकेच मोलाचे ठरते. पुढे २०१३ मध्ये हेच शेख सलमान ४६ पैकी ३३ मते मिळवून पहिल्याच फेरीत अध्यक्ष झाले. त्यानंतर २०१५, २०१९ व २०२३ या तिन्ही वेळी त्यांची निवड बिनविरोध झाली. ‘बिनविरोध’ या शब्दामागे एकमत असते की केवळ विरोधकाचा अभाव, हा प्रश्न सहकाराच्या अभ्यासकांना परिचित आहे.

सहकारी संस्थेशी असलेले हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. कारखान्याचा सभासद ऊस पिकविणारा शेतकरी असतो व मतदान तो स्वतः करतो. आशियाच्या महासभेत मत असते ते संघटनेला. जो खेळतो तो तेथे सभासद नसतो. या भेदाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

गोव्यातील अधिवेशन

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी झुरिच येथे फिफाचे असाधारण अधिवेशन भरले. त्यापूर्वीच्या वर्षी उघडकीस आलेल्या भ्रष्टाचार प्रकरणांमुळे फिफाची प्रतिमा पूर्णतः डागाळली होती. या अधिवेशनात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे सुधारणांचा मसुदा मंजूर झाला. त्यानुसार जुन्या कार्यकारिणीच्या जागी ३७ सदस्यांची परिषद आली, प्रत्येक खंडातून किमान एक महिला त्यात असणे अनिवार्य झाले आणि उमेदवारांच्या पात्रतेची छाननी कडक करण्यात आली. दुसरी म्हणजे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जियानी इन्फान्टिनो यांनी दुसऱ्या फेरीत ११५ विरुद्ध ८८ मतांनी विजय मिळविला. पराभूत उमेदवार होते आशियाई महासंघाचे अध्यक्ष शेख सलमान. गोव्यातील घटना समजून घेताना हा संदर्भ दृष्टीआड करता येत नाही.

नव्या परिषदेत आशियाच्या वाट्याला आलेल्या वाढीव जागांपैकी तीन जागा भरण्यासाठी गोव्यात असाधारण महासभा बोलाविण्यात आली. त्या दिवसांत तेथे सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा सुरू होती व फातोर्डा आणि बांबोळी येथील मैदानांवर सामने खेळले जात होते. दोन खुल्या जागांसाठी चीनचे झांग जियान, इराणचे अली कफाशियान व सिंगापूरचे झैनुद्दीन नॉर्दिन रिंगणात होते. महिलेच्या जागेसाठी ऑस्ट्रेलियाच्या मोया डॉड, बांगलादेशच्या महफुजा अख्तर किरण आणि उत्तर कोरियाच्या हान उन ग्योंग यांच्यात लढत होती. चौथे खुले उमेदवार कतार फुटबॉल संघटनेचे उपाध्यक्ष सौद अल मोहन्नदी यांना मात्र फिफाने सभेच्या तोंडावर अपात्र ठरविले. एका चौकशीत सहकार्य न केल्याच्या कारणावरून फिफाच्या नीतिसमितीच्या तपास शाखेने त्यांच्यावर अडीच वर्षांच्या बंदीची शिफारस केली होती. त्या शिफारशीवर अंतिम निर्णय व्हावयाचा होता.

सभा सुरू झाली. विषयपत्रिकेस मंजुरी हा अशा सभेतील प्रारंभीचा व एरवी केवळ औपचारिक विषय. तो मतास टाकण्यात आला आणि ४२ विरुद्ध १ अशा मतांनी विषयपत्रिका फेटाळली गेली. विषयपत्रिकाच नसल्याने पुढे चर्चेस काही उरले नाही. अर्ध्या तासाच्या आत सभा संपली. इन्फान्टिनो स्वतः उपस्थित होते. नवी दुरुस्ती नाही, निषेधाचा ठराव नाही, बहिर्गमन नाही. घटनेने दिलेल्या अत्यंत साध्या अधिकाराचा वापर करून सदस्यांनी जागतिक संस्थेला नकार कळविला.

या घटनेचे दोन अर्थ संभवतात. एका दृष्टीने हा सदस्यांच्या सार्वभौमत्वाचा आविष्कार होय. आपले प्रतिनिधी कोण असावेत हे खंडाच्या सभेने ठरवावे आणि आरोप सिद्ध होण्यापूर्वी उमेदवारास वगळू नये, ही भूमिका सकृद्दर्शनी असमर्थनीय नाही. परंतु दुसरी बाजू अधिक विचारात घेण्यासारखी वाटते. ४२ विरुद्ध १ असे बहुमत सभागृहातील विचारविनिमयातून अर्ध्या तासात तयार होत नाही. ते सभागृहाबाहेर आधीच तयार झालेले असते. महासभेने आपली शक्ती दाखविली हे खरे. ती शक्ती उमेदवारांच्या पात्रतेची छाननी करणाऱ्या यंत्रणेविरुद्ध वापरली गेली, हेही तितकेच खरे. शिवाय या नकाराची किंमत त्या वादाशी संबंध नसलेल्यांनी मोजली. महिलेसाठी राखीव झालेली जागा सात महिन्यांहून अधिक काळ रिकामी राहिली. ८ मे २०१७ रोजी मनामा येथील महासभेत ती भरली गेली, तेव्हा किरण यांनी डॉड यांचा २७ विरुद्ध १७ मतांनी पराभव केला. डॉड या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाच्या माजी उपकर्णधार. फिफाच्या सुधारणांत महिलांच्या स्थानासाठी आग्रह धरणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. खेळातील योगदान आणि महासभेतील मते यांचे गणित वेगवेगळे असते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल.

खालच्या पायऱ्या

आशियाच्या महासभेतील भारताचे एक मत कोठून येते? जिल्हा संघटना, तिच्यावर राज्य संघटना, तिच्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि मग आशिया, अशी ही उतरंड आहे. महाराष्ट्रात राज्य संघटनेचे काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही जुनी संस्था पाहते. सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या संघातून खेळणारा विद्यार्थी आणि क्वालालंपूर येथील मतपेटी यांच्यामध्ये अशा चार निवडणुका उभ्या असतात.

या उतरंडीच्या टोकापर्यंत पोचलेले उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल हे अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्ष असताना ६ एप्रिल २०१९ रोजी क्वालालंपूर येथील महासभेत ४६ पैकी ३८ मते मिळवून फिफाच्या परिषदेवर निवडून आले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. तथापि वरच्या पायरीवर हे यश मिळत असताना खालच्या पायरीचा आधार निसटत होता. महासंघाची निवडणूक मुदतीत न झाल्याने मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदाधिकाऱ्यांना दूर करून प्रशासकांची समिती नेमली. समितीच्या मसुद्यात मतदारांपैकी निम्मे नामवंत खेळाडू असावेत अशी तरतूद होती. फिफाला ती मान्य नव्हती. ऑगस्ट २०२२ च्या मध्यास तृतीय पक्षाच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने भारताला निलंबित केले.

त्या वेळी गोकुळम केरळ या क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता. त्यांना एकही सामना न खेळता परतावे लागले. ज्या वादामुळे त्यांची स्पर्धा बुडाली, त्या वादात त्यांच्यापैकी एकीलाही मत नव्हते. २६ ऑगस्टला निलंबन उठले, त्यामुळे मडगाव, नवी मुंबई व भुवनेश्वर येथील सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा ऑक्टोबरमध्ये पार पडली. २ सप्टेंबरच्या निवडणुकीत केवळ राज्य संघटनांनी मतदान केले. माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांना ३४ पैकी एक मत मिळाले. ३३ मते मिळवून कल्याण चौबे अध्यक्ष झाले. चौबे हेही माजी गोलरक्षक आहेत, तेव्हा या निकालाकडे ‘खेळाडू विरुद्ध राजकारणी’ असे पाहणे अपुरे ठरेल. मते संघटनांकडे होती आणि संघटनांनी ती एकगठ्ठा दिली, एवढेच त्यातून दिसते.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्या नव्या घटनेस काही बदलांसह मान्यता दिली. त्या घटनेनुसार सर्वसाधारण सभेत पंधरा नामवंत खेळाडूंना स्थान असून त्यांत किमान पाच महिला असणे आवश्यक आहे. पदाधिकाऱ्यांच्या कार्यकाळावरही मर्यादा आहे. आशियाच्या पायरीवर मात्र प्रवास उलट दिशेने झालेला दिसतो. १६ मे २०२४ रोजी बँकॉक येथे भरलेल्या महासभेने अध्यक्ष व कार्यकारिणीच्या सदस्यांवरील कार्यकाळाची मर्यादा काढून टाकली. या वेळी विषयपत्रिकेस कोणाचा नकार नव्हता.