लेप, भाकस आणि एकमूलत्वाचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मासा म्हटले की बहुधा पैठणच्या नाथसागरातील रोहू किंवा कटला येतो. डोक्याच्या दोन बाजूंस दोन डोळे, पाठ वर व पोट खाली, ही त्याची ठेवण. कोकण किनाऱ्यावरील बाजारात मात्र या ठेवणीस सर्वस्वी सोडून असलेले मासे आढळतात. त्यांतील एक लांबट व पातळ. त्याची एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरट, आणि दोन्ही डोळे तपकिरी बाजूवरच. त्यास लेप म्हणतात. दुसरा अधिक जाड, मोठ्या तोंडाचा व तीक्ष्ण दातांचा; तो भाकस होय. हे दोघे प्राणिशास्त्रात चपट्या माशांच्या एकाच गणात मोडतात. जगात या गणाच्या सुमारे ८०० जाती ज्ञात आहेत.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याचे लक्ष प्रथम नावांकडे गेले. लेप ज्या प्रजातीत मोडतो, तिचे 'सिनोग्लॉसस' हे शास्त्रीय नाव ग्रीक असून त्याचा अर्थ 'कुत्र्याची जीभ' असा आहे. भाकसाचे शास्त्रीय नाव 'सेटोडीस एरूमेई'. ही जाती १८०१ साली ब्लॉख व श्नायडर यांच्या ग्रंथात नोंदली गेली. त्यातील 'एरूमेई' हा शब्द तमिळ 'एरुमै' म्हणजे म्हैस यावरून आला. तमिळ कोळी या माशास 'म्हशीची जीभ' म्हणत. स्पॅनिश व जर्मन भाषांतील नावांतही जीभच आहे. लॅटिन 'सोलेआ' मात्र वहाणेवरून पडले. ही सर्व नावे आकारावरून दिलेली आहेत. तथापि आकारसाम्य हा आप्तसंबंधाचा पुरावा ठरतो काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हा आकार कसा घडतो ते पाहिले पाहिजे. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू इतर माशांप्रमाणेच सरळ पोहते व त्याचे डोळे दोन्ही बाजूंस असतात. काही आठवड्यांत अवटू ग्रंथीच्या स्रावाच्या प्रभावाने त्याचे रूपांतरण होते. कवटीची हाडे पिळवटतात, एक डोळा डोक्याच्या माथ्यावरून पलीकडे सरकतो, आणि मासा एका कुशीवर तळाशी पडून राहू लागतो. वरची बाजू वाळूच्या रंगाची बनते, खालची फिकट राहते. वाळूत अंग पुरून केवळ डोळे वर ठेवावयाचे आणि भक्ष्याची वाट पाहावयाची, हा त्याचा जीवनक्रम होय. लेपाचे डोळे डाव्या बाजूस असतात. अन्य काही कुलांत ते उजव्या बाजूस येतात.

ही रचना क्रमविकासाच्या सिद्धान्तापुढे एक मोठा आक्षेप होऊन उभी राहिली. डोळा अर्धाच सरकला असता त्याचा माशास उपयोग कोणता, असा प्रश्न मायव्हर्ट यांनी १८७१ साली केला. डार्विन यांनी १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत त्यास उत्तर दिले. परंतु अर्धा सरकलेला डोळा असलेला मासा दाखविता येत नव्हता. तो २००८ साली दाखविला गेला. इटलीतील मोंते बोल्का येथील जीवाश्मांचा अभ्यास करून मॅट फ्रीडमन यांनी सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे असे मासे पुढे आणले की, ज्यांच्या एका बाजूचा डोळा माथ्याकडे सरकला होता, पण पलीकडे गेला नव्हता.

भाकसाचे महत्त्व येथेच आहे. त्याचा सरकलेला डोळा माथ्याच्या कडेवरच थांबतो. पाठीवरचा पर इतर चपट्या माशांप्रमाणे डोक्यापर्यंत येत नाही, तर मागेच सुरू होतो. शिवाय काही भाकस डावे तर काही उजवे असतात. मग भाकस हा लेपाचाच जुन्या वळणाचा भाऊबंद, की स्वतंत्रपणे चपटा झालेला परका?

मराठीच्या विद्यार्थ्यास ही अडचण नवी नाही. 'काम' म्हणजे उद्योग आणि 'काम' म्हणजे वासना, हे दोन शब्द रूपाने एकच; परंतु पहिला संस्कृत 'कर्म' पासून आला, दुसरा मूळचाच संस्कृत 'काम' होय. उलट 'कर्म' व 'काम' यांची रूपे भिन्न असूनही मूळ एक. हा निवाडा आपण कानाने करीत नाही. प्राकृतातील 'कम्म' हे मधले रूप साक्षीस असते म्हणून करतो. मोंते बोल्काचे जीवाश्म म्हणजे माशांच्या इतिहासातील 'कम्म' होत.

तथापि मधली रूपे सापडली तरी वाद मिटतोच असे नाही. २०२१ साली जनुकसंचांच्या तुलनेवरून भाकसाचा वंश इतर चपट्या माशांहून वेगळ्या मुळाचा असल्याचे मत मांडले गेले. २०२४ साली दुसऱ्या अभ्यासकांनी तशाच सामग्रीची पुन्हा छाननी केली आणि विषमतेचा उगम एकदाच झाला असा निष्कर्ष काढला. एकाच प्रकारच्या सामग्रीतून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात याचे कारण असे की, या माशांच्या शाखा फार थोड्या काळात फुटल्या आणि त्या काळाच्या खुणा जनुकांत अत्यंत पुसट उरल्या आहेत. जवळजवळ एकाच वेळी विलग झालेल्या बोलींचा क्रम लावताना भाषाशास्त्रज्ञासही हाच अनुभव येतो.

बाजारातील नाव ओळख पटवून देते, वंश सांगत नाही. वंश ठरवावयाचा तर मधली रूपे शोधावी लागतात आणि पुरावा पुनःपुन्हा तपासावा लागतो. मासा असो वा शब्द, रूपसाम्यावर विसंबून गोत्र ठरविण्याची घाई करू नये, एवढे जरी या दोन माशांपासून आपण शिकलो तरी पुरे.