मूळनलिकेतील औषधांचा शतकभराचा आढावा

किडीने पोखरलेल्या दाताची मज्जा एकदा मृत झाली की मुळातील त्या केसाएवढ्या पोकळीत रक्ताचा संचार उरत नाही, आणि ज्या ठिकाणी रक्त जात नाही त्या ठिकाणी पोटात घेतलेल्या गोळ्यांचा अंमलही चालत नाही; सबब जंतूंचा बंदोबस्त करावयाचा तर औषध प्रत्यक्ष मूळनलिकेतच नेऊन ठेवणे भाग पडते. बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या विलोबी मिलर यांचा तोंडातील सूक्ष्मजंतूंवरील ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला, त्याच्या पुढल्याच वर्षी वॉल्कहॉफ यांनी कापूरमिश्रित क्लोरोफिनॉलचा पुरस्कार केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बकली यांनी फॉर्मलीन व क्रेसॉल यांचे मिश्रण प्रचारात आणले.

या उग्र द्रव्यांची सत्ता दीर्घकाळ टिकली. कापसाचा इवलासा बोळा फॉर्मोक्रेसॉलमध्ये बुडवावयाचा, निपटून मज्जेच्या रिकाम्या कोठडीत ठेवावयाचा, वरून तात्पुरत्या सिमेंटने तोंड बंद करावयाचे आणि वाफ आपोआप मुळाच्या टोकापर्यंत उतरेल असा भरवसा धरून रोग्याला पुढची तारीख द्यावयाची, असा शिरस्ता होता. औषधाचा वास जितका झोंबणारा तितका त्याचा गुण अधिक, ही समजूत केवळ अडाणी रोग्यांपुरती मर्यादित नव्हती असे माझे मत आहे. वस्तुतः ही द्रव्ये जंतू आणि मुळापलीकडची जिवंत ऊती यांत भेद करीत नसत, त्यांचा प्रभावही लवकर ओसरे. फॉर्मल्डिहाइड तर पुढे मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले गेले. मात्र तत्कालीन दंतवैद्यांची अगतिकता ध्यानात घेतली पाहिजे. १९१० मध्ये मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात विल्यम हंटर यांनी तोंडातील पूतिकेंद्रांवर सर्वांगातील व्याधींचे खापर फोडल्यानंतर दात सरसकट उपटण्याची जी लाट आली, तिच्यापुढे दात राखू पाहणाऱ्याला मूळ निर्जंतुक झाल्याचा दाखला कसाही करून देणे प्राप्त होते.

गंमत अशी की अखेरीस बाजी मारली ती आपल्या पानाच्या डब्यातील चुन्याच्या भाऊबंदाने. १९२० साली जर्मनीत हेरमान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड योजिले. रसायनदृष्ट्या हा विरवलेला चुनाच, फक्त औषधासाठी शुद्ध केलेला. त्याचा सामू सुमारे १२.५, इतक्या अल्कतेत बहुतेक जंतू तग धरीत नाहीत. शिवाय तो पाण्यात अत्यल्प विरघळत असल्याने आठवडेच्या आठवडे आपले काम करीत राहतो. नलिका कागदाच्या निमुळत्या वातींनी कोरडी करून पांढरा लगदा बारीक पिळदार सुईने मुळाच्या टोकाजवळ फिरवीत नेतात, कारण वाफेवर भिस्त ठेवण्याची सोय येथे नाही; तो भिंतीला भिडला तरच उपयोग. स्वीडनमधील बिस्ट्रॉम व सुंडक्विस्ट यांनी सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये जे निष्कर्ष मांडले त्यांत चुन्याने भरलेल्या ३५ नलिकांपैकी ३४ जंतुमुक्त आढळल्या, तर फिनॉल गटातील औषधांच्या सुमारे एकतृतीयांश नलिकांत जंतू शिल्लक होते.

तरीही चुन्याची हुकमत निरंकुश नाही. एन्टेरोकॉकस फीकॅलिस नावाचा चिवट जंतू पेशीत प्रोटॉन खेचून अल्कतेला तोंड देतो, आणि डेंटीन स्वतःच ती अल्कता बोथट करते. ग्रॉसमन यांनी १९५१ मध्ये पेनिसिलीनयुक्त लेप सुचविला, पण अॅलर्जीच्या भयाने तो मागे पडला. जपानमधील निगाता येथील संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन व मिनोसायक्लीन यांचे त्रिकूट जुळविले, ते प्रभावी ठरले खरे, परंतु मिनोसायक्लीनने दात काळवंडतो आणि समोरच्या दाताच्या बाबतीत ही तक्रार क्षुल्लक नव्हे.

माझ्या मते या इतिहासात औषधाचा हुद्दा उत्तरोत्तर खाली आला आहे. पहिल्या महायुद्धात डेकिन यांनी जखमा धुण्यास वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट आज नलिका धुण्याचे प्रमुख साधन आहे. ते मृत मज्जा विरघळविते, मात्र मुळापलीकडे निसटल्यास क्षणार्धात चेहरा सुजवते, म्हणून पिचकारीवरचा अंगठा जपून दाबावा लागतो. घासणे आणि धुणे नीट झाले तर मधले औषध ठेवलेच पाहिजे काय, हा वाद आता ऐरणीवर आहे. एकाच बैठकीत नलिका भरणे आणि चुना ठेवून दुसऱ्या बैठकीत भरणे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित आढावे पाहता यशाच्या प्रमाणात ठळक तफावत दिसत नाही. परंतु नलिकेतून पू झिरपत असून ती कोरडीच होत नसेल, तर अनेक दंतवैद्य आजही चुना भरून आठवड्याने परत बोलावणेच पसंत करतात.