बर्फाच्या पोटातला दगा

सह्याद्रीत भटकणाऱ्याला डोंगर कळतो तो कातळातून आणि घसाऱ्यातून. कुठली वाट निसरडी, कुठला दगड सुटा, हे पायच सांगतात. हिमालयातल्या बर्फावर मात्र पायांची ही विद्या अपुरी पडते. तिथे धोका पावलाशी नसतो, तो हातभर खाली दडलेला असतो. नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातली कितीतरी मुले बर्फातल्या ट्रेकला जातात. म्हणूनच हा दडलेला धोका घरातल्या साऱ्यांनी समजून घ्यावा असे मला वाटते.

बर्फात उभा खणलेला खड्डा मी प्रथम पाहिला, तेव्हा वरून एकसंध दिसणाऱ्या त्या पांढऱ्या भिंतीत मला गोधड्यांची चळत दिसली. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर. कुठला घट्ट, कुठला भुसभुशीत. कडाक्याच्या थंडीत जमिनीलगतची ऊब आणि वरचा गारठा यांतल्या तफावतीमुळे खालच्या बर्फाचे कण एकमेकांना सोडतात आणि जाड साखरेसारखे रवाळ होतात. परातीत साखर पसरा, वर पोळपाट ठेवा आणि परात तिरपी करा. पुढे काय होते, ते सांगायला नको. डोंगरावर तो पोळपाट असतो वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फाचा मोठा पापुद्रा. तो तडकला की अख्खा उतार चालू लागतो.

हे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडते. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फार साठतच नाही. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांनुसार, हौसेने बर्फात गेलेल्या ज्यांचा बळी गेला, त्यांपैकी बहुतेकांवर कोसळलेला बर्फ त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेला होता. गाडले गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाने जेमतेम तीन. हेलिकॉप्टर यायचे कधी? वाचवू शकतात ते फक्त सोबती. तेही प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे यंत्र आणि पाठीवर टोचून शोधण्याची लांब सळई व फावडे असेल तरच.

अनुभव हे कवच नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी 'द्रौपदी का डांडा-२' शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. ती सारी प्रशिक्षण घेणारी आणि देणारी माणसे होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर गाडले गेले. त्यांतले ४६ वाचले, आठ दगावले.

पण बर्फ अगदीच मुका नसतो. नुकतीच जोरदार हिमवृष्टी झाली असेल तर पुढचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे. शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज होणे, पावलापासून चीर धावत जाणे, एकाएकी ऊन तापणे, या साऱ्या माघारीच्या खुणा. हिमस्खलनाचे इशारे चंडीगडची 'डीजीआरई' ही संरक्षण खात्याची संस्था देते. ते वर्तमानपत्रांतही येतात.

मुलाचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना जेवणाचे आणि तंबूचे विचारतो, तसे आणखी तीन प्रश्न विचारावेत. वाट कुठल्या उताराखालून जाते? बर्फात शोधण्याची साधने सोबत आहेत का? आणि परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार?

चौथी गोष्ट आपल्या हातातली. शिखर न गाठता परतलेल्या मुलाला दारातच "वर पोचलास का?" असे विचारले, तर पुढच्या वेळी मागे वळताना त्याचे पाऊल अडखळेल. त्याला आधी पोटभर जेवायला वाढावे. डोंगर कुठे जात नाही.