करवंटीतले दहा गुंठे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पूर्णगडकडच्या कुठल्याही जुन्या घराच्या न्हाणीत डोकावून पाहा. चुलीशेजारी माडाची सोडणं, पोया, चुडतं आणि त्यांच्यावर रचलेल्या करवंट्या. पाणी तापतं, करवंटीचा निखारा होतो, निखाऱ्याची राख होते, विषय संपतो. हीच करवंटी बंद भट्टीत, हवेला जवळपास मज्जाव करून जाळली आणि तो कोळसा 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफेवर भाजला, की त्याचा अॅक्टिव्हेटेड कार्बन होतो. मग तो चकचकीत बरणीत बसतो आणि घरात खाऱ्या पाण्याची टाकी करून प्रवाळ वाढवणारे हौशी लोक त्याला भाव विचारू लागतात. पूर्णगडची एखादी आजी नक्की म्हणेल, "अहो, कोळसा विकत कशाला आणताय? आमच्या चुलीत ढीगभर पडलाय!" आजींना सांगायची गोष्ट अशी की चुलीतल्या कोळशाची बरीचशी दारं बंदच असतात. ती उघडायला ती वाफ लागते.

दारं किती? चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये आतल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर साधारण हजार चौरस मीटर भरतात. गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. म्हणजे चिमटीत मावणाऱ्या काळ्या दाण्यांत जवळजवळ दहा गुंठे जमीन, आणि चार ग्रॅममध्ये एकर! 50 ग्रॅमची पिशवी टाकीत सोडली की तुम्ही साडेबारा एकरांचे मालक. सातबारा तेवढा निघत नाही.

या जमिनीवर पाण्यातली घाण येऊन चिकटते. शोषली जात नाही, चिकटते. जागा भरली की काम बंद. कोळशाची ही खोड माणसाला फार आधी कळली. सेंट पीटर्सबर्गच्या तोबियास लोवित्झने 1785 मध्ये कोळशाने द्रवांचा रंग उडवून दाखवला, मग साखर कारखानदारांनी तो उचलला. 19व्या शतकात तुएरी नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्याने फ्रेंच वैद्यक अकादमीसमोर स्ट्रिक्निन हे जालीम विष कोळशासोबत गिळलं आणि तो ठणठणीत राहिला, असं सांगतात. (घरी करून बघू नये, हे लिहायलाच हवं का?) पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला आणि मुखवट्यात भरायला उत्तम कोळसा म्हणून नारळाची करवंटी पुढे आली. करवंट्या पुरेनात, तेव्हा 1918 मध्ये अमेरिकेत पीचच्या बिया घरोघरी गोळा करायची मोहीम निघाली. सैनिकांचे जीव वाचवायला लोक फळं खाऊन बिया डब्यात टाकत होते.

आता टाकीकडे. प्रवाळांची टाकी वरून कितीही शांत दिसली तरी आत रासायनिक युद्ध चालू असतं. मऊ प्रवाळ शेजाऱ्याने जागा घेऊ नये म्हणून पाण्यात टर्पीन जातीची विषं सोडतात. समुद्रात ती लाटेबरोबर निघून जातात. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत कुठे जाणार? दगडी प्रवाळ सुकत राहतो आणि मालक दिव्याला दोष देतो. पॅलिथोआ नावाचा बटणासारखा जीव तर पॅलिटॉक्सिन हे विष बाळगतो, तो हाताळताना माणसानेही हातमोजे आणि चष्मा घालावा. समुद्रकाकडी चिडली किंवा पंपात अडकली तर तिचं विष अख्खी टाकी मारू शकतं. असा प्रसंग आला की पाणी बदलायचं आणि ताजा कार्बन घालायचा, हा पहिला उपाय.

विषं पकडणं हे कार्बनचं पहिलं काम, दुसरं पिवळेपणाचं. खाद्य, शेवाळ, माशांची विष्ठा, सगळं कुजून पाण्याला हळूहळू गोमूत्री छटा येते. रोज बघणाऱ्याला ती दिसत नाही. यावर हौशी मंडळींची एक छान युक्ती आहे. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीच्या अर्ध्या भागावर फिकट पिवळा रंग द्या आणि पट्टी टाकीच्या एका टोकाला उभी करा. आता दुसऱ्या टोकाच्या काचेतून, टाकीच्या पूर्ण लांबीतून बघा. पांढरा आणि पिवळा अर्धा भाग वेगळा ओळखता येत नसेल, तर कार्बन बदलायची वेळ आली. अडीच फुटांच्या टाकीत हा फरक डोळ्यांत भरतो, समोरून बघून काही कळत नाही.

आणि इथेच करवंटीची मिरवणूक थोडी थांबवावी लागते. कोकणी माणसाला ऐकवायला जड जातं, पण सांगतो. नारळाच्या कार्बनची बहुतेक भोकं दोन नॅनोमीटरपेक्षाही बारीक असतात. क्लोरीनसारखा छोटा पाहुणा त्यात आरामात शिरतो, म्हणून घराघरातल्या आरओ यंत्रात बहुधा करवंटीचाच कार्बन बसलेला असतो. पण पाणी पिवळं करणारे रेणू बरेच मोठे असतात. गडाच्या दिंडी दरवाजातून माणूस वाकून जातो, हत्ती जात नाही, तशातली गत. हत्तीसाठी मोठी भोकं हवीत, ती दगडी कोळशाच्या, लिग्नाइटच्या किंवा पीटच्या कार्बनमध्ये जास्त असतात. म्हणून रीफ, म्हणजे प्रवाळांच्या, टाकीसाठी बिट्युमिनस कोळशाचा किंवा पीटपासून केलेला, आम्लाने धुतलेला बारीक कांड्यांचा कार्बन अनेक जाणकार पसंत करतात. नोरिटचा रॉक्स 0.8 हा त्यातला गाजलेला, 0.8 मिलिमीटर जाडीच्या कांड्यांचा. करवंटीची जमेची बाजू म्हणजे टणकपणा: ती सहसा भुकटी होत नाही. नारळाचाच कार्बन हाताशी असेल तर वापरा, फक्त पिवळेपणावर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

भुकटीवरून आठवलं. "फाइंडिंग नीमो"मधली विसरभोळी डोरी ज्या कुळातली, त्या सर्जनफिशच्या तोंडावर आणि कडेच्या रेषेवर चट्टे पडण्याचा एक आजार असतो. 2011 मध्ये अमेरिकेत त्यावर प्रयोग झाला. टाकीचं सगळं पाणी लिग्नाइट कार्बनमधून फिरवलं, त्या टाकीतल्या माशांना चट्टे उठले. बिनकार्बनच्या टाकीतले मासे मोकळे राहिले. नेमकं कारण काय, यावर वाद आहेत. बारीक धुळीवर अनेकांचा संशय आहे. तेव्हा लिग्नाइट घेतलाच तर कमी घ्या. कुठलाही कार्बन आरओच्या पाण्याने काळी धार थांबेपर्यंत धुवा आणि रिअॅक्टरमध्ये (कार्बनमधून पाणी ढकलणाऱ्या नळकांड्यात) इतका जोरात उडवू नका की दाण्यावर दाणा घासून पीठ पडेल. जाळीच्या पिशवीत बांधून संपमध्ये (टाकीखालच्या गाळण-टाकीत), स्पंजच्या नंतर ठेवला तरी काम होतं.

विकत घेताना एक परीक्षा घरीच करता येते. दुकानदार "काका, एकदम रीफ-सेफ आहे" म्हणाला तरी करावी. पेलाभर आरओच्या पाण्यात चमचाभर कार्बन रात्रभर ठेवायचा आणि सकाळी फॉस्फेटचं किट लावायचं. रंग चढला तर तो कार्बन परत. काही लाकडी कार्बन फॉस्फोरिक आम्ल वापरून सक्रिय केलेले असतात, आणि वनस्पतींच्या राखेतही थोडं फॉस्फेट असतंच. प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शात मोजतात. एवढंसं वाढलं तरी शेवाळाची चंगळ होते. डब्यावर आयोडीन नंबर लिहिलेला असतो, 900-1000 असला की दुकानदाराची छाती फुगते. पण आयोडीनही छोटाच रेणू. म्हणजे हा आकडा बारीक भोकांचं कौतुक करतो, पिवळेपणाबद्दल फारसं सांगत नाही.

किती घालायचा? शंभर लिटरला दोन-तीन मोठे चमचे पुरे, आणि महिनोन्‌महिने कार्बनच नसलेल्या टाकीत त्याच्याही निम्म्याने सुरुवात. कारण मजेशीर आहे. पिवळं पाणी प्रवाळांसाठी गॉगल असतं. एका रात्रीत ते काचेसारखं झालं की दिव्याचा मारा अचानक वाढतो आणि प्रवाळ पांढरे पडू शकतात. स्वच्छता केली आणि ऊन लागलं!

कार्बन काय करत नाही, हेही ऐका: अमोनिया, नायट्रेट, मीठ यांना तो हात लावत नाही. औषधं मात्र आवडीने गिळतो. म्हणून मासा आजारी असताना औषध घालायचं तर पिशवी आधी बाहेर काढायची, नाहीतर पैसे कार्बनच्या पोटात.

पूर्णगडला राहून समुद्र दारात असताना टाकीचं खारं पाणी करायला मीठ विकत का घ्यावं, हा रास्त प्रश्न. गड मुचकुंदी खाडीच्या मुखावर उभा आहे आणि पावसाळ्यात ही खाडी जांभ्याची लाल माती घेऊन समुद्रात उतरते. ती माती कार्बनने जात नाही, आणि गोड्या पाण्याने खारटपणाही घसरतो. पाणी भरायचं तर पावसाळा सोडून, खाडीपासून लांब, भरतीच्या वेळी, आणि हायड्रोमीटरवर 1.025 च्या आसपास आल्याशिवाय कॅन भरायचा नाही. पावसाळ्यात सरळ पाकिटातलं मीठ.

प्रवाळ मात्र दारातल्या समुद्रातून आणायचे नाहीत. 2001 पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. मालवणच्या खडकावरचा तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. खाडीवरच्या पुलापलीकडच्या गावखडीच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासवही त्याच अनुसूचीत. नुसते रंगीत समुद्री मासे बघायचे तर रत्नागिरीत झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथे मुलांना न्या. तिकडून पूर्णगडला परतताना भाट्याचा पूल ओलांडलात की 1955 पासूनचं नारळ संशोधन केंद्र लागतं. करवंटीचा सगळा जमाखर्च तिथल्या माडांवर डोलतोय.

शेवटी ओव्हनचं खूळ. वापरलेला कार्बन भाजून पुन्हा ताजा करावा, असा सल्ला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी देतं. घरचा ओव्हन अडीचशे अंशांवर दमतो, कार्बनची भरलेली जागा मोकळी करायला आठशेच्या वरची भट्टी लागते. ओव्हनमधून निघतो तो फक्त वास, कुजलेल्या समुद्राचा, आणि तो पुढे केकलाही येतो. दोन ते चार आठवडे झाले की जुना कार्बन टाकून द्या, नवा धुवून पिशवीत बांधा आणि टाकीच्या कडेला मार्करने तारीख लिहा.