वाफेतील निकोटिन आणि लघवीची साक्ष

मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि जर्दा. भंडारा जिल्ह्यात बिड्या वळणाऱ्या अनेक स्त्रिया आयुष्यात एकही झुरका घेत नाहीत. तरीही तंबाखू त्वचेतून आणि श्वासातून त्यांच्या शरीरात शिरतेच. याची साक्ष लघवी देते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील रुक्मिणी गोवेकर आणि रजनी भिसे यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिडी कामगारांच्या लघवीत थायोईथर या द्रव्यांचे प्रमाण वाढलेले आढळले होते. शरीर घातक रसायनांना ग्लुटाथायोनशी बांधून बाहेर टाकते, तेव्हा ही द्रव्ये तयार होतात.

हाच मार्ग आता ई-सिगारेटच्या अभ्यासासाठी चोखाळला जात आहे. येथे शोध केवळ रसायनांचा नाही, तर प्रथिनांचाही आहे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिने बाहेर पडतात. प्रमाण नगण्य, पण विविधता थक्क करणारी : २००६ मध्ये मास स्पेक्ट्रोमीटरच्या साह्याने लघवीत दीड हजारांहून अधिक प्रथिने ओळखली गेली. रक्त आपला समतोल सांभाळण्याची धडपड करते. लघवीवर ते बंधन नाही. त्यामुळे शरीरातील सूक्ष्म बदल तेथे आधी उमटू शकतात, असा या क्षेत्रातील संशोधकांचा युक्तिवाद आहे. शिवाय नमुना घेण्यासाठी सुई टोचावी लागत नाही, ही सोय लहान नव्हे.

दवाखान्यातील पट्टी-चाचणी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. मूत्रपिंडाची चाळणी सैल झाल्याचे ते लक्षण. प्रथिनांच्या सविस्तर विश्लेषणात मात्र दाह, पेशींवरील ताण, ऊतींची झीज यांच्याशी संबंधित प्रथिने वाढली की घटली, हे एकत्रित पाहिले जाते. अर्थात प्रथिन बदलले म्हणजे रोग झाला, असे नव्हे. ताप, अंगमेहनत, मासिक पाळी यांनीही आकडे हलतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर पाणी कमी पडून लघवीच घट्ट होते. म्हणून प्रथिनांचे मोजमाप क्रिएटिनिनच्या तुलनेत करावे लागते.

खरी अडचण आपल्याकडे वेगळी आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. चोरून ओढणारा तरुण ते उघडपणे कबूल करील, ही अपेक्षा भाबडी ठरेल. त्यातच तो खर्राही खात असेल, तर प्रथिनांतील बदलाचे खापर कोणावर फोडायचे? निकोटिनपासून बनणारे कोटिनिन दोन्ही सवयींत सापडते. ते दोघांत भेद करीत नाही. एनएनएएल हे द्रव्य मात्र तंबाखूतील नायट्रोसामिनपासून बनते. खर्रा खाणाऱ्यात ते भरपूर, निव्वळ वाफ ओढणाऱ्यात अत्यल्प असते. म्हणून प्रथिनांच्या जोडीला ही दोन्ही द्रव्ये तपासली, तरच निष्कर्षाला वजन येते.

आणखी एक मर्यादा. वाफेचा पहिला आघात फुफ्फुसावर होतो. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वाफ ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांना झालेल्या गंभीर इजेने ६८ जणांचा बळी घेतला. त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेटचा संबंध उघड झाला, तो रुग्णांच्या फुफ्फुसातील द्रव तपासल्यावर, लघवीतून नव्हे.