सावंतवाडीची गंजिफा आणि इराणी चित्रप्रतिमांमधील जरथुष्ट्री श्रद्धा

सावंतवाडीची गंजिफा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. कागदाच्या वर्तुळाकार चकत्यांना चिंचोक्याची खळ देऊन, रंगवून, वर लाखेचा थर चढविलेली ही पाने येथील चितारी मंडळी पिढ्यान् पिढ्या घडवीत आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी या कलेला राजवाड्यात पुन्हा आश्रय दिला. खेळ मात्र मूळचा इराणी परंपरेतला. सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद बाबराने १५२७ मध्ये केली आहे. इराणी कलावस्तूंवरील प्रतिमांमध्ये जरथुष्ट्री श्रद्धा पाहण्याची रीत अभ्यासकांत रूढ आहे. ती या पानांना कितपत लागू पडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इराणी कलेत काही प्रतिमांचा श्रद्धेशी असलेला संबंध स्पष्ट आहे. अवेस्तामधील बहराम यश्तात विजयदेवता वेरेथ्रघ्न दहा रूपांनी प्रकटते : वारा, बैल, अश्व, उंट, रानडुक्कर, तरुण, शिकारी पक्षी, मेंढा, रानबोकड आणि शस्त्रधारी पुरुष. दामघान येथील सासानी वास्तूच्या चुनेगच्चीत वर्तुळात बसविलेले रानडुकराचे मस्तक आढळते, त्याचा अर्थ या यश्ताच्या आधारे लावला जातो. दहा रूपे आणि त्यांत वराह, हे वाचताच दशावतार आठवल्याशिवाय राहत नाही. परंतु येथे घाई नको. मत्स्य व कूर्म या यादीत नाहीत, आणि दोन्ही परंपरांत दहा ही संख्या आली म्हणून एकीतून दुसरी निघाली असे ठरत नाही. ‘वेरेथ्रघ्न’ आणि इंद्राचे ‘वृत्रहन्’ हे विशेषण भाषिकदृष्ट्या सगोत्र आहेत, एवढे मात्र निश्चित. म्हणजे नाते असलेच तर ते उसनवारीपेक्षा समान वारशाचे.

सीमुर्ग पक्ष्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या नावाचा पूर्वार्ध आपल्या ‘श्येन’ शब्दाचा भाऊबंद. अवेस्तामध्ये त्याचा संबंध सर्व बीजे धारण करणाऱ्या वृक्षाशी आहे. शाहनाम्यात तो झालचा पालनकर्ता होतो. पुढे तेराव्या शतकातील मंगोल स्वाऱ्यांनंतर इराणी चित्रकारांनी त्याला चिनी पक्ष्याची लांब, लहरती पिसे दिली. नाव जुने, कथा मधल्या काळातली, रूप परके! सासानी सत्ता ६५१ मध्ये संपल्यावरही कारागिरांच्या हातातील आकृत्या टिकल्या. त्यांच्या पाठीमागची उपासना मात्र राज्याश्रयाला मुकली. सिंह-सूर्याचे चिन्हही पुष्कळदा सरसकट जरथुष्ट्री मानले जाते. ते तेराव्या शतकात सल्जूक सुलतान दुसरा कैखुस्रौ याच्या नाण्यांवर ठळकपणे दिसते, आणि त्याचा सरळ खुलासा ज्योतिषात आहे : सिंह ही सूर्याची स्वराशी.

आता गंजिफेकडे वळू. आठ रंगांच्या, शहाण्णव पानांच्या मोगली संचात ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश असे रंग असतात. मुकुट, तलवार, सेवक, वाद्य, फर्मान, माल : हा सारा दरबाराचा आणि खजिन्याचा पसारा. सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे आणि सफेद म्हणजे रुप्याचे. चित्रकारांच्या कुंचल्याखाली त्यांचे सूर्य आणि चंद्र झाले. दिवसा सुर्खच्या राजाने आणि रात्री सफेदच्या राजाने डाव सुरू करावयाचा, असा संकेत. यावरून सूर्याला उद्देशून म्हटल्या जाणाऱ्या खोर्शेद न्यायेशची आणि चंद्रासाठीच्या माह न्यायेशची आठवण होणे स्वाभाविक आहे. पुढे आणखी एक मोह पडतो. गंजिफेच्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्यांत क्रम उलटा. पहिल्यांना बिशबर, दुसऱ्यांना कमबर म्हणतात. यात अहुर मज्दा आणि अंग्र मैन्यू यांचे द्वंद्व पाहण्याचा मोह होईल. परंतु असाच उलटा क्रम युरोपातील टॅरोच्या जुन्या खेळांतही आहे, आणि तेथे जरथुष्ट्राचा काहीही संबंध नाही. ती पत्त्यांच्या खेळाची जुनी रीत आहे, धर्मतत्त्व नव्हे.

दशावतारी संचात दहा रंग व एकशेवीस पाने. दरबाराच्या जागी अवतार आले. राजा व त्याचा प्रधान ही रचना कायम राहिली, उलट्या क्रमाचा नियमही राहिला, फक्त आता पाच-पाच रंगांत. दिवसा डावाचा आरंभ रामाच्या पानाने होतो, रात्री कृष्णाच्या. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी. सुर्ख आणि सफेद यांनी रिकाम्या केलेल्या नेमक्या त्या दोन जागा ज्याने भरल्या, त्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही; पण इराणी खेळाचा सांगाडा त्याला पूर्ण उमगला होता आणि आपला पुराणेतिहासही मुखोद्गत होता. ज्या मुलुखात दशावतारी नाटकांचे रात्रीचे प्रयोग गावोगावच्या जत्रांत होतात, तेथे या पानांवरच्या राजांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही.